रत्नागिरीचं पुढचं दार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण तो मला गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो, पण इतक्या नेमकेपणाने कुणी मांडत नाही. तुम्ही लिहिलंय की मागच्या दिवाळीत गणपतीपुळ्याला मुक्काम होता आणि त्यातला एक दिवस काढून रत्नागिरी 'केलीत'. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, भगवतीचा किल्ला, सगळं पाहून झालं, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ लागेना. ब्रह्मदेशाचा राजा इथं काय करत होता? टिळक आणि सावरकर दोघांचीही नावं याच गावाला कशी चिकटली? आणि ज्याला सगळे बंदराचं शहर म्हणतात, तिथं बंदर दिसलंच कुठं? आता जानेवारीत आईवडील आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुन्हा यायचंय, दोन दिवस हातात आहेत, तर क्रम कसा लावावा, असं तुम्ही विचारलंय.

मी इथल्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सुट्टीत पाहुण्यांना गाव दाखवायची सवय तेव्हापासूनची, आणि निवृत्तीनंतर तर तेच काम झालंय. त्या अनुभवावरून सांगते: तुमचं काही पाहायचं राहिलं नव्हतं. तुम्ही गावात मागच्या दाराने शिरलात, म्हणून घराची रचना कळली नाही.

आज रत्नागिरीत येणारा माणूस पूर्वेकडून येतो. रेल्वेने आला तर कुवारबावच्या बाजूला उतरतो, गाडीने आला तर हातखंब्याहून येतो. दोन्हीकडून तो आधी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, पोहोचतो, मारुती मंदिरापाशी गर्दीत अडकतो आणि मग उतार उतरत समुद्राकडे जातो. समुद्र त्याला शेवटी भेटतो, संध्याकाळी, भेळ खाताना. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. मोटाररस्ता नीट होण्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं या गावात येणारा जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा माणूस, प्रत्येक टपालाची थैली, प्रत्येक नवा कलेक्टर समुद्रातून आला. आंबा, सुकी मासळी आणि इथली माणसं गेली तीही समुद्रातूनच. गावाचं पुढचं दार पश्चिमेला आहे. त्या दारातून आत आलात की राजा, टिळक, सावरकर, किल्ला हे सगळे आपापल्या खोल्यांत बसलेले दिसतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिथं बऱ्याच जणांची फसगत होते. रत्नागिरी हे फार प्राचीन मोठं बंदर होतं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. या किनाऱ्यावरची जुनी श्रीमंत बंदरं दुसरी. उत्तरेला दाभोळ, बहमनी आणि आदिलशाही काळातलं, इतकं भरभराटीचं की १५०८ साली पोर्तुगिजांनी ते जाळलं. दक्षिणेला राजापूर, जिथं इंग्रजांची वखार होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली. ही दोन्ही बंदरं खाडीच्या आत, घाटावर जाणाऱ्या वाटांच्या तोंडाशी. त्या काळात रत्नागिरीला किल्ला होता, कोळीवाडे होते, पण व्यापाराची पेठ म्हणून तिचं नाव त्या दोघींच्या मागेच.

मग खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजं मोठी होत गेली आणि पेशवाई संपून १८१८ साली इंग्रज आले. त्यांनी दक्षिण कोकणाचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला केलं आणि १८२२ साली ते रत्नागिरीला हलवलं. आजचं शहर इथून सुरू होतं. कचेऱ्या आल्या, कोर्ट आलं, तुरुंग आला, शाळा आली. १८२८ साली स्थापन झालेलं वाचनालय आजही जिल्हा नगर वाचनालय म्हणून चालू आहे. साहेबाला जे पाहिजे होतं ते रत्नागिरीत होतं: मुंबईहून आगबोटीने येता येईल असा किनारा, आणि वर सड्यावर वारा खेळणारी मोकळी जागा. म्हणजे पेठेने बंदर वाढवलं असं इथं झालं नाही. कचेरीने बंदर वाढवलं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आता क्रम. पहिल्या दिवशी सकाळी थेट मांडवीला जा. न्याहारी करून नऊच्या सुमाराला पोहोचा. मांडवीला लोक 'काळा समुद्र' म्हणतात, आणि येताना मुलासाठी एक साधं चुंबक घेऊन या, शाळेच्या प्रयोगाच्या पेटीत असतं तसं. ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूवरून फिरवायचं. काळे कण पिशवीला असे चिकटतात की मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहावेत. या वाळूत लोहाची खनिजं आहेत, म्हणून ती काळी. गावाच्या उत्तरेकडचा किनारा मात्र पांढरा, त्याला नावही 'पांढरा समुद्र'. एकाच गावाचे दोन किनारे, मध्ये किल्ल्याचा डोंगर, आणि दोन्हीकडची वाळू वेगळी. मी शाळेची मुलं घेऊन जायचे तेव्हा हा खेळ आधी करायचे आणि इतिहास नंतर. हात काळे झालेली मुलं पुढचं सगळं लक्ष देऊन ऐकतात.

मग मांडवीच्या धक्क्यावर आईवडिलांना बसवा आणि समुद्राकडे पाठ करून गावाकडे तोंड करा. उजव्या हाताला काजळी नदीचं मुख, म्हणजे भाट्याची खाडी. त्या मुखापाशी वाळूचा दांडा साचतो आणि ओहोटीला होड्यांना आत-बाहेर करणं जिवावरचं काम होतं. राजिवड्याच्या आणि कर्ल्याच्या मच्छीमारांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. डाव्या हाताला किल्ल्याचा डोंगर. जुन्या काळी आगबोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब खोल पाण्यात नांगर टाकायची, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, जाऊन माणसं उतरवून आणायचे.

माझी आजी सांगायची, गिरगावातल्या चाळीतून ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा बोटीच्या बाजूला पडाव लागला होता, पण लाटेने तो पुरुषभर वर जायचा आणि पुरुषभर खाली. खालचा खलाशी ओरडायचा, "आता!" आणि वरचा माणूस बाईला सोडून द्यायचा. ट्रंक आधी, मग मूल, मग बाई. आजीने डोळे मिटून उडी टाकली आणि खालच्याने तिला दंडाला धरून घोंगडीवर बसवलं. तो खलाशी राजिवड्यातला दालदी, म्हणजे इथला मुसलमान मच्छीमार, होता. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी त्याच्याकडूनच मासळी यायची आणि आजी त्याच्याशी डोक्यावरचा पदर सारखा करून, वडील माणसाशी बोलावं तसं बोलायची. इथली बंदरावरची वस्ती दालदी, खारवी, भंडारी, गाबीत अशी मिसळलेली आहे, आणि शहराचा अर्धा इतिहास त्यांच्या घरांत आहे, जिथं पाटी कुणी लावलेली नाही.

एक लक्षात ठेवायचं. हे दार वर्षभर उघडं नसायचं. मेअखेर दर्या खवळला की बोटी बंद. मग नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईला जायचं तर घाट चढून देशावर जा आणि तिथून वळसा घाला, नाहीतर घरी बसा. आंबा घाटातून वाट होती, पण पावसात ती वाट म्हणजे काय असेल याची कल्पना करा. समुद्राने जोडलेलं आणि सह्याद्रीने तोडलेलं गाव होतं हे. मुंबईहून पोहोचायला सोयीचं, पण सरकारने बोटीवर नजर ठेवली की निसटून जायला अवघड. ही गोष्ट मनात धरून ठेवा, राजवाड्यापाशी तिचं काम पडणार आहे.

मांडवीहून किल्ल्यावर. रत्नदुर्ग, म्हणजे तुम्ही पाहिलेला भगवतीचा किल्ला, घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंनी पाणी. मूळ बांधणी बहमनी काळातली मानतात. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांकडे होता, मग पेशव्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे. गाडी बालेकिल्ल्याच्या बरीच जवळ जाते, त्यामुळे आईवडिलांना भगवतीचं दर्शन होईल, थोड्या पायऱ्या आहेत, सावकाश चढू द्या. पण या किल्ल्याच्या बुरुजांपेक्षा मला तिथून दिसणारं पाणी मोलाचं वाटतं. तटावर उत्तरेच्या अंगाला उभे राहा. खाली मिरकरवाड्याचं मच्छीमार बंदर, शेकडो नौका खेटून उभ्या, त्यांच्यावरचे झेंडे, पलीकडे पांढरा समुद्र आणि त्याच्या टोकाला मिऱ्याचा डोंगर. तुम्ही विचारलं होतं ना, बंदर कुठं आहे? हे पाहा. दक्षिणेचा मांडवीचा किनारा नैऋत्येच्या लाटांना उघडा पडतो आणि हा डोंगर उत्तरेच्या पाण्याला आडोसा देतो. म्हणून होड्या आज डोंगराच्या पाठीशी आहेत. रत्नागिरीला एकच एक बंदर कधीच नव्हतं. मांडवी, भगवती बंदर, मिरकरवाडा, मिऱ्या, राजिवडा अशी ठिकाणं वाऱ्याप्रमाणे आणि कामाप्रमाणे वापरली जायची. तुम्ही एका धक्क्याचा, एका पाटीचा शोध घेत होतात म्हणून ते सापडलं नाही.

हा किनारा आजही काय करू शकतो ते २०२० साली दिसलं. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं तेलवाहू जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं तिथंच अडकून पडलं. मी तेव्हा छत्री धरून ते पाहायला गेले होते. एवढं मोठं लोखंडी जहाज लाटा बंधाऱ्यावर आपटत होत्या, आणि मला पहिल्यांदा आजीची ती उडी पूर्ण समजली.

किल्ल्याच्या डोंगराच्या दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे. ते संध्याकाळी ठरावीक वेळातच पाहू देतात आणि जिने बरेच आहेत. आईवडिलांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. मुलगा आणि तुम्ही चढा, ती दोघं खाली बसली तरी वारा छान लागतो. किल्ल्याच्या पायथ्याशी, पेठकिल्ल्यात, भागेश्वराचं मंदिर आहे. ते भागोजीशेठ कीर यांनी बांधलं. हे नाव विसरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल.

मिरकरवाड्यात जायचं की नाही, हे तुमच्यावर. वास असतो, पायाखाली चिखल-पाणी असतं, आणि कामाच्या घाईत कुणाला पाहुण्यांकडे बघायला वेळ नसतो. पण मुलाला न्याच, असं मी म्हणेन. होड्या लागल्या की टोपल्या उतरतात, बर्फ फुटत असतो, लिलाव बोलला जातो, आणि दहा मिनिटांत ढीगच्या ढीग विकले जातात. बोटीवरचा प्रमुख तो तांडेल, त्याच्या हाताखाली खलाशी, त्यांतले पुष्कळ आता नेपाळचे. हिमालयातली मुलं अरबी समुद्रात जाळी ओढतात, हे मी दर वेळी नव्याने पाहते. जानेवारी ठीक आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात कुणी विचारलं तर मी मिरकरवाडा सांगत नाही. वाट अडवू नका, फोटो काढायच्या आधी विचारा, आणि जमलं तर तिथल्याच बाईकडून मासळी घेऊन तुमच्या घरगुती मुक्कामाच्या ताईंकडे द्या.

दुपारी सगळ्यांनी झोपा. खरंच झोपा, ज्येष्ठांना घेऊन फिरताना याला पर्याय नाही. संध्याकाळी साडेपाचच्या आत थिबा पॉइंटला या. राजवाडा आज पाहायचा नाही, फक्त पॉइंट. माझा क्रम आधी उलटा होता. मी पाहुण्यांना सकाळी पहिल्यांदा राजवाड्यात न्यायचे. रिकामे दिवाणखाने, काही मूर्ती, काही वस्तू बघून लोक बाहेर यायचे आणि म्हणायचे, "चांगलाय, पण आत काही नाही हो." मग एकदा सहावीच्या सहलीत एका मुलीने विचारलं, "बाई, राजाला इथंच का आणलं?" उत्तर देताना मी तिला हात धरून या पॉइंटवर आणलं. त्या दिवसापासून क्रम बदलला.

पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे माडांची रांग आणि खाडीचं तोंड जिथं समुद्राला मिळतं ती पांढरी रेघ दिसते. सूर्य तिथंच बुडतो. आता सकाळची गोष्ट आठवा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि कोनबाऊंग घराण्याचा शेवटचा राजा थिबा याला राण्यांसकट जहाजावर चढवलं. काही महिने मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीला उतरला. वय सत्तावीस. त्याला अशा जागी ठेवायचं होतं जिथून ब्रह्मदेशाशी संबंध राहणार नाही, जिथं रेल्वे नाही, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बोटीवर मोजता येतो आणि पावसाळ्यात तीही बोट बंद. पण साहेबाची कचेरी मात्र हाकेच्या अंतरावर. असा हिशेब मांडला तर रत्नागिरी हेच उत्तर येतं. त्याआधी याच सरकारने दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, रंगूनला नेऊन ठेवलं होतं. तो तिथंच १८६२ साली गेला. तिकडचा राजा इकडे, इकडचा तिकडे.

आईवडिलांना टिळक माहीत असतीलच, म्हणून हेही पॉइंटवरच सांगा. टिळकांचा जन्म याच गावात, २३ जुलै १८५६ ला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ठेवलं मंडालेला, थिबाच्या जुन्या राजधानीत. १९०८ ते १९१४. म्हणजे ती सहा वर्षं रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. हे मी वर्गात फळ्यावर दोन बाण काढून दाखवायचे. एकमेकांना छेदणारे ते दोन बाण पाहून मुलं गप्प होत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. फक्त सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात, म्हणजे तुमचे दोन दिवस ठरवताना आधी हेच बघा. आत शिरायच्या आधी मुलाला तारखांचं गणित घालायला सांगा. राजा आला १८८६ ला. नव्या राजवाड्यात राहायला गेला १९१० च्या अखेरीस. वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांतली चोवीस वर्षं तो सड्यावरच्या बंगल्यांत राहिला, आणि आपण ज्याला 'थिबाचा राजवाडा' म्हणतो तिथं जेमतेम सहा. हे कळल्यावर त्या रिकाम्या खोल्या वेगळ्या वाटतात. उतरती छपरं, सागवानी लाकूडकाम, अर्धगोल कमानींवरची नक्षी, खाली संगमरवरी फरशीचा दिवाणखाना. बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून पाहा. लालसर, छिद्रांनी भरलेला, उन्हात तापलेला. आमचा चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना इतका मऊ असतो की अवजाराने सरळ कापता येतो, आणि हवा लागत जाईल तसा टणक होतो. गावातले गडगे (दगडी कुंपणं), पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), विहिरी, किल्ला, सगळं याच दगडाचं.

राजाला चार मुली. दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, चौथी इथं रत्नागिरीत. पेन्शन पुरायची नाही, बरोबर आणलेली रत्नं विकून घर चालवावं लागलं. राजा गेल्यावर १९१९ साली कुटुंबाला परत जाता आलं, पण थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच परतली. राजवाड्यावर पहारेकरी असलेल्या एका रत्नागिरीकराबरोबर तिने आयुष्य काढलं आणि १९४७ साली ती इथंच वारली. ब्रह्मी राजघराण्याचा एक धागा असा या गावात विणला गेला. वाटाड्यांपैकी कुणी त्या घराण्याचे आजचे लोक दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. ती आपल्यासारखी कष्टाने जगणारी माणसं आहेत, त्यांच्या दारात पाहुण्यांनी जाऊन उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी समाधीवर जा. शिवाजीनगर भागात, ख्रिस्ती दफनभूमीला लागून, थिबा आणि त्याची धाकटी राणी यांच्या समाध्या आहेत. वाट विचारावी लागते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथं येऊन गेले. आपले शंभरातले पाचही पाहुणे जात नाहीत. पाच मिनिटं लागतात, जाऊन या.

तिथून टिळक आळी. जन्मघर पुरातत्त्व खात्याने चांगलं राखलंय. पडवी, ओटी, माजघर, कौलारू छप्पर. तुमच्या आईंना ते पाहायला सगळ्यात आवडेल, असं माझा अनुभव सांगतो, कारण त्या पिढीला अशी घरं राहून माहीत असतात. टिळकांचं मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात होते, म्हणून कुटुंब जिल्ह्याच्या ठिकाणी. कचेरीने गाव वाढवलं असं वर म्हटलं, त्याचंच हे उदाहरण. १८६६ साली वडिलांची बदली झाली आणि मुलगा पुण्याला गेला. या घरापासून बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे, हे नकाशात नाही, पायांनीच कळतं.

मग गाडीतळाजवळचं पतितपावन मंदिर. सावरकरांना अंदमानातून आणल्यावर इथल्या तुरुंगात काही काळ ठेवलं होतं. पुढे जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याहून सुटका झाली ती अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही. ती स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. पुन्हा तेच गणित, राजाला लावलेलं. राजकारण बंद म्हणून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्धचं काम हाती घेतलं, आणि १९३१ साली सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत खुलं असलेलं हे लक्ष्मीनारायणाचं मंदिर उभं राहिलं. गांधीजी १९२७ साली रत्नागिरीला आले तेव्हा दोघांची भेट झाली होती.

मंदिराचा पैसा कुणाचा? भागोजीशेठ कीर यांचा. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईला गेला, बांधकामाचा मोठा ठेकेदार झाला. दादरच्या शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातून झाली. मुंबईत मिळवायचं आणि गावी देऊळ बांधायचं, हा कोकणी माणसाचा शिरस्ता. पण भागोजीशेठनी जे देऊळ बांधलं त्याने गावाची जुनी घडी हलवली. म्हणून मी पाहुण्यांना सावरकरांइतकंच त्यांच्याबद्दल सांगते. सावरकरांना सरकारने इथं आणून ठेवलं, भागोजीशेठ इथून बोटीने बाहेर पडले, आणि दोघांची गाठ या देवळात पडली. बंदराने आणलेली आणि बंदराने नेलेली माणसं एकत्र पाहायची तर हीच जागा.

थोडक्यात क्रम असा: पहिला दिवस मांडवी, किल्ला, मिरकरवाडा, विश्रांती, संध्याकाळी थिबा पॉइंट. दुसरा दिवस राजवाडा, समाधी, टिळक आळी, पतितपावन. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा कंटाळला तर झाडगावचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा बघून त्याची कळी खुलेल. तुरुंगातली सावरकरांची कोठडीही पाहता येते, पण परवानगी लागते, आधी चौकशी करा.

हे सगळं कशावर बदलेल तेही सांगते. पावसाळ्यात आलात तर मांडवी आणि मिरकरवाडा गाळा, राजवाडा आणि टिळक आळी आधी घ्या. शिमग्यात आलात तर माझा क्रम बाजूला ठेवा आणि भैरीच्या पालखीमागे चाला. बारा वाड्यांचं हे ग्रामदैवत पालखीत बसून फिरतं तेव्हा गाव आपली ओळख स्वतःच करून देतं. आईवडिलांना दगदग सोसणार नसेल तर किल्ला आणि पॉइंट या दोनच जागा निवडा. बंदर दोन्हीकडून दिसतं.

राहिला गणपतीपुळ्याचा प्रश्न. जरूर जा, पण मुक्काम या वेळी रत्नागिरीत ठेवा आणि परतीच्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याने दर्शनाला जा. पंचवीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. वाटेत आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवून मागे वळून पाहा. हवा स्वच्छ असेल तर मिऱ्याचा डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेला दिसतो. मुंबईहून येणाऱ्या बोटीवरच्या माणसाला आपलं गाव आलं, हे तो डोंगर दिसला की कळायचं.